टर्फवरचा कीपर

कोपरखैरणेत आमच्या सोसायटीमागे फुटबॉलचं एक टर्फ होतं, म्हणजे जाळीने वेढलेलं कृत्रिम गवताचं छोटं मैदान. रात्री दहानंतर भाडं उतरायचं, म्हणून आम्ही दहालाच जायचो. तिथे पाच वर्षं गोलमध्ये उभा राहिलो आणि आपण कीपर झालो असं समजून बसलो. ग्लोव्हज, डाइव्ह वगैरे तुम्हाला माहीतच आहे. (भारीतले ग्लोव्हज टर्फवर नेऊ नका, लेटेक्स महिनाभरात सोलतं.) टर्फवरून मोठ्या मैदानावर जाताना मला जे नडलं तेवढंच सांगतो.

टर्फवरचा गोल साधारण ३ मीटर रुंद, २ मीटर उंच. मोठ्या मैदानावरचा ७.३२ बाय २.४४. गुणाकार केलात तर जवळजवळ तिप्पट जागा निघते. पण खरी गोची मापाची नाही, सवयीची आहे. छोट्या गोलमध्ये एक गुडघा टेकवून अंग पसरलं की निम्मा गोल झाकतो. शॉट चार-पाच मीटरवरून येतो, बॉल नडगीवर आदळतो आणि पोरं ओरडतात, "काय सेव्ह!" मग तीच सवय लागते : गोलच्या लायनीला चिकटून राहायचं, पायाने अडवायचं. त्यात वर जाळी, बाजूला जाळी. बॉल बाहेर जातच नाही, म्हणजे कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक) नाही की क्रॉस (बाजूने गोलसमोर उंच टाकलेला बॉल) नाही. पाच वर्षांत डोक्यावरून आलेला एकही क्रॉस मी पकडला नव्हता, आणि पकडता येत नाही हेही ठाऊक नव्हतं.

ते कळलं मुंबईतल्या एका क्लबाच्या ट्रायलला. जुलै महिना, घोट्यापर्यंत चिखल, पहिलाच कॉर्नर. मी दोन पावलं पुढे गेलो, मग वाटलं पोचणार नाही, म्हणून तिथेच हात वर करून थांबलो. आमचा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, माझ्या भरवशावर थांबला. बॉल माझ्यावरून गेला, समोरच्याने निवांत डोकं लावलं. कोच म्हणाले, "अरे, तू कीपर आहेस का ट्रॅफिक हवालदार?" परतताना वाशीला गाडी बदलायची असते. मी दोन गाड्या सोडल्या.

म्हणून सांगतो, कंटाळलात तरी ऐका : अर्धवट बाहेर पडू नका. यायचं तर "कीपर!" असं घसा फोडून ओरडत यायचं, एका पायावर उडायचं, दुसरा गुडघा वर, बॉल शक्य तितक्या उंचावर घ्यायचा. गर्दी असेल तर दोन्ही मुठींनी बाजूला ठोसा. नाही यायचं तर लायनीजवळ राहा. मधली जागा ही मरायची जागा.

अँगलचंही तेच. दोन्ही खांबांना दोरी बांधून टोकं बॉलपाशी आणा आणि त्या त्रिकोणात पुढे-मागे सरका, आपण किती गोल झाकतो ते डोळ्यांनी दिसतं. मी आईची कपडे वाळत घालायची दोरी न विचारता नेली होती. त्याचा हिशेब वेगळा झाला.

कोचबद्दल माझं मत जरा कडू आहे. जो शूटिंगच्या सरावाला तुम्हाला नुसता भिंतीसारखा उभा करतो, तो तुमचा कोच नव्हे. एखादा रिटायर्ड कीपर शोधा, त्याचं पोट सुटलेलं असलं तरी चालेल. "पैसे भरा, थेट टीममध्ये घेतो" म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका. आणि जन्मतारीख दोन वर्षं मागेपुढे करायचं कोणी सुचवलं तर उठून घरी या. हाडांच्या वयाची टेस्ट होते, पकडले जाल.

बाकी घाबरू नका. कीपरची जागा एकच असते, त्यामुळे बेंच वाट्याला येतोच. भारताचा कीपर गुरप्रीत सिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्ताबेक क्लबात गेला, तिथे लीगचा पहिला सामना मिळायला २०१६ उजाडलं. या धंद्यात वयही पटकन संपत नाही. इजिप्तचा एसाम अल हदारी २०१८ च्या वर्ल्ड कपला ४५ वर्षांचा होता आणि त्याने पेनल्टी अडवली. मी सध्या आमच्या क्लबाचा दुसरा कीपर आहे. दोन सीझनमध्ये चार सामने.

टर्फ मात्र सुटलेलं नाही. शुक्रवारी रात्री अजून जातो, फक्त गोलमध्ये दुसऱ्या कुणाला तरी ढकलतो आणि मी गोलबाहेर, बाकीच्यांसारखा पायाने खेळतो. १९९२ पासून बॅकपास (आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल) कीपरला हातात घेता येत नाही, मग पाय कुठे तरी घोटवायला हवेतच. परवा एका पोराने विचारलं, "दादा, तू कीपर ना, मग गोलमध्ये का नाही?" म्हटलं, आधी तू लायन सोड.