मुंबईच्या पावसात हाताने बनवलेली स्पॅनिश गिटार कशी सांभाळायची

पहिलं म्हणजे भिंतीवर टांगू नका, स्टँडवरही नको. आमच्या गिरगावच्या चाळीत जुलैमध्ये मीठ कोरडं राहत नाही तिथे गिटार काय राहणार! वाजवून झाली की हार्ड केसमध्ये, केस बंद.

प्लायवूडच्या गिटारीला एवढे लाड लागत नाहीत, पण सॉलिड लाकडाच्या गिटारीची वरची फळी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर असते, आतून पंख्यासारख्या बारीक पट्ट्या, ही मांडणी १९व्या शतकात आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश गिटार कारागिराने पक्की केली. सगळा खेळ वरच्या फळीचा, हे दाखवायला त्याने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या. तर ही फळी दमट हवेत फुगते, ब्रिज (फळीवरची, तारा बांधायची लाकडी पट्टी) वर येतो, तारा उंच होतात, बोटं दुखतात, आणि लोक नेक, म्हणजे गिटारीची दांडी, वाकली म्हणून दुकानात धावतात. थांबा जरा. गाण्यात असतात तशी गिटारीतही घराणी असतात, माद्रिदचं रामिरेझ घराणं १८८२ पासून आता पाचव्या पिढीत आलंय, आणि त्या स्पॅनिश पद्धतीत बाजूच्या पट्ट्या नेकच्याच खाचेत बसवतात, बोल्ट नाही काही नाही, त्यामुळे नेक सोडवून पुन्हा बसवणं म्हणजे मोठी सर्जरी. त्यापेक्षा कारागिराकडून हाडाचं दुसरं, थोडं बुटकं सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती छोटी पट्टी) करून घ्या, पावसाळ्यात ते लावायचं.

केसमध्ये छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) ठेवा, ४५ ते ५५ टक्के बेस्ट, साठला थोडं चालतं, सत्तरच्या वर गेला की केसमधलं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) बदला. अर्धा किलो जेल सुती पिशवीत भरा, रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत तेच वापरा. एसी रात्री चालू, दिवसा बंद, असं करत असाल तर केस अजिबात उघडी टाकू नका.

आता पॉलिश. अशा गिटारीवरचं फ्रेंच पॉलिश म्हणजे आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पाठ-बाजूही बऱ्याचदा आपल्याच दक्षिणेतल्या शिसवीच्या, म्हणजे माल पण इथला आणि हाल पण इथेच 😅 सॅनिटायझर लावलेला हात लागला की डाग पडलाच. पहिल्या वर्षी मी बनियनवर वाजवत बसलो, घामाने हाताचा अख्खा ठसा उमटला, अजून आहे. फुल बाह्यांचा शर्ट घाला नाहीतर गिटारीच्या कडेवर सुती रुमाल टाका, नंतर मऊ कोरड्या कापडाने पुसा, ओलं कापड नको.

स्टीलच्या तारा तर कधीच नाही. नायलॉनचा एकूण ताण चाळीस किलोच्या आसपास, स्टीलचा सत्तरच्या घरात, ब्रिज उखडेल. आणि उखडलाच तर फर्निचरवाल्या सुताराकडून पांढऱ्या गोंदाने चिकटवून घेऊ नका प्लीज, नंतर नीट काम करणाऱ्याला तो खरवडत बसावा लागतो.

डिसेंबरात हवा कोरडी झाली की जुनं उंच सॅडल परत बसवा, नाहीतर तारा फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) घासून बझ मारतील.