वेळ वाकवणारी बारव: मुलांसाठी विज्ञान-साहसकथा कशी लिहावी

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी विज्ञानकथा लिहायला बसलं की आपण बहुतेक वेळा यंत्रापासून सुरुवात करतो. एक शास्त्रज्ञ, त्याची प्रयोगशाळा, एक लाल बटण. दोन मित्र नंतर आणून बसवले जातात, आणि त्यांच्या जागी दुसरे कोणीही असते तरी गोष्टीचं काही अडलं नसतं. मला अशा गोष्टी वाचून हळहळ वाटते. या वयात कोण कोणाच्या बाकावर बसलं यावरून मुलांना रात्री जेवण जात नाही. म्हणून वास्तव जिथे वाकेल, नेमका तिथेच मैत्रीला पीळ बसला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या एका आग्रहातून सांगतो आहे, आणि एक नमुन्याची गोष्ट रचत रचत सांगतो.

पहिली पायरी: एकच नियम वाकवा

वेळ, अंतर, वजन, आठवण. यातलं एकच निवडा. दोन गोष्टी वाकवल्या की मुलं विचारतात, "मग हे पण का नाही होत?" आणि त्यांचं बरोबर असतं.

आपण वेळ घेऊ, कारण वेळ खरोखरच वाकते. आइन्स्टाइनने 1915 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण जिथे जास्त, तिथे घड्याळ सावकाश चालतं. जमिनीलगतचं घड्याळ गच्चीवरच्या घड्याळापेक्षा कणभर मागे पडतं. 2010 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दोन अणुघड्याळांपैकी एक जेमतेम 33 सेंटिमीटर वर उचललं, आणि तेवढ्यानेही वेगातला फरक मोजता आला. फोनला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ती चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात नकाशा काही किलोमीटरने चुकेल.

म्हणजे खोल गेलं की वेळ मंदावते, हे खरं आहे. आपण फक्त ते वाढवायचं. मराठवाड्यात जुन्या पायऱ्यांच्या विहिरी, म्हणजे बारवा, पुष्कळ आहेत. आपल्या गोष्टीतल्या बारवेचा नियम असा: प्रत्येक पायरी उतरली की वेळ निम्म्या वेगाने चालते. बस्स, एवढंच.

दुसरी पायरी: वही घेऊन हिशोब करा

ही पायरी लोक सोडून देतात. मला तर सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो, कारण गोष्टीतले प्रसंग हिशोबातूनच निघतात.

पहिल्या पायरीवर एक मिनिट थांबलं की वर दोन मिनिटं जातात. सातव्या पायरीवर एक मिनिट म्हणजे वर दोन तास आठ मिनिटं. दहाव्या पायरीवर वेग 1024 पट मंद, म्हणून पाच मिनिटांत वर साडेतीन दिवस सरतात. बाराव्या पायरीवर एक तास बसलात, तर वर 4096 तास, म्हणजे 170 दिवस उलटलेले असतात.

आता आवाज. वेळ निम्मी मंदावली की वर ऐकू येणारा आवाज एक सप्तक खाली उतरतो. लहान मुलाच्या आवाजात सेकंदाला साधारण 300 कंपनं असतात, आणि माणसाच्या कानाला 20 च्या खाली ऐकू येत नाही. चौथ्या पायरीवर 300 ची 19 सुद्धा उरत नाहीत. म्हणजे मित्र चौथ्या पायरीवर पोचला की त्याची हाक वर ऐकूच येणार नाही! उलट वरची हाक त्याला चिमणीच्या चिवचिवाटासारखी बारीक होत जाईल आणि सातव्या पायरीवर तीही कानाच्या टप्प्याबाहेर जाईल. दोघं एकमेकांना हाका मारताहेत आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा गप्प आहे. हा प्रसंग मी कल्पनेने रचलेला नाही. तो गुणाकारातून आला.

तिसरी पायरी: गाव खरं हवं

हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ घ्या. तिथल्या देवळाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: नामदेवांना कीर्तन करायला मागच्या बाजूला पाठवलं, तर देऊळच फिरलं. नंदी आजही मागे आहे, असं दाखवतात. त्याच परिसरात आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. 2023 साली केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसर सोडून अवकाशाचं थरथरणं मोजायचं, आणि तेही प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी. ज्या गावात देऊळ फिरल्याची गोष्ट आजी सांगते आणि शेजारी अवकाश मोजणारं यंत्र येतं, तिथल्या मुलांना बारवेत वेळ मंदावली तर नवल कसलं? दोन्ही गोष्टी मुलांच्या बोलण्यात येऊ द्या, तुम्ही निवेदनात समजावू नका.

चौथी पायरी: मैत्रीला नियमाच्या वाटेत उभं करा

गोदू आणि इम्रान, दोघं सहावीत, एका बाकावर. इम्रान तीन महिन्यांनी मोठा. गोदूच्या आईबापाने ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली आहे. दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला जाणार, आणि घरी कोणी नसल्यामुळे गोदूही जाणार. पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्याशिवाय, परत येणं नाही. इम्रानला ते साडेपाच महिने नको आहेत. त्याच्याकडे वही आहे, हिशोब आहे. बाराव्या पायरीवर एक तास बसायचं आणि वर यायचं, तेव्हा गोदू आलेली असेल.

तो तसं करतो. इथे घाई करू नका. तो वर येतो तेव्हा त्याच्या डब्यातली भाकरी अजून मऊ आहे. गोदूच्या तळहाताला घट्टे पडलेत. पाचटाने, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांनी, कापलेल्या रेघा आहेत, कोपीतल्या, म्हणजे तिथल्या झोपडीतल्या, थंडीच्या आठवणी आहेत, त्याला लिहिलेली आणि उत्तर न आलेली पत्रं आहेत. तिने त्याची 170 दिवस आठवण काढली. त्याने एक तास. शिवाय इम्रानची अम्मी 170 दिवस त्याला शोधते आहे, हे तर त्याने हिशोबात धरलंच नव्हतं.

आपल्याकडे रेवतीची कथा आहे. तिच्यासाठी योग्य नवरा कोण, हे विचारायला तिचे वडील तिला घेऊन ब्रह्मलोकी गेले, गाणं संपेपर्यंत थांबले, आणि परतले तोवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. ओळखीचं कोणीच उरलं नव्हतं. ती ऐकताना मला लहानपणीही युगांच्या आकड्यापेक्षा ती परत येण्याची घटका जास्त टोचायची.

पाचवी पायरी: मोठ्यांना दूर ठेवा, पण मूर्ख करू नका

अम्मीने बारव शोधलीच असणार. मग सापडला का नाही? पायऱ्या पाण्याखाली होत्या, की ती तिसऱ्या पायरीवरून परतली आणि तिचे आठपट तास गेले? उत्तर नियमातूनच आलं पाहिजे. सोयीसाठी ज्ञानी आजोबा आणू नका.

सहावी पायरी: शेवट उलटवू नका

"ते स्वप्न होतं" असं लिहिलंत तर मुलं तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. गेलेले दिवस परत देऊ नका. आता गोदू अडीच महिन्यांनी मोठी आहे आणि तसंच राहणार. दोघांना पहिल्या पायरीवर शेजारी बसवा, एकाच पायरीवर, म्हणजे दोघांचंही घड्याळ सारखं चालेल, आणि तिला ती पत्रं वाचून दाखवू द्या.

मग कच्चा खर्डा दोन-तीन मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. मूल खिडकीबाहेर बघायला लागलं की समासात फुली मारा. मध्येच थांबवून त्याने विचारलं, "पण अकराव्या पायरीवर बसला असता तर?" तर वही त्याच्याकडे द्या आणि त्यालाच गुणाकार करू द्या.