इम्पोर्ट अडकला? आधी नोटपॅड उघडा

ऑफिसच्या कॉम्प्युटर-फोनची यादी सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवताना 'इम्पोर्ट फेल्ड' दिसलं की हात आपोआप पुन्हा अपलोडच्या बटणाकडे जातो. तो आवरा. बऱ्याचदा अर्धी यादी आत गेलेली असते आणि दुसऱ्या फेरीत डुप्लिकेट अ‍ॅसेट टॅगच्या (प्रत्येक वस्तूला दिलेल्या क्रमांकाच्या) एरर मूळ एररला झाकून टाकतात. चारशे ओळींच्या यादीवर मी हा पराक्रम केलाय. निस्तरण्यात अख्खा दिवस गेला.

लॉगमधली (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदींमधली) पहिली नापास ओळ तेवढी घ्या आणि ती फाइलमध्ये शोधा. फाइल उघडायची नोटपॅडमध्ये. डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडलेली सीएसव्ही जशीच्या तशी राहत नाही. आकड्यापुढची शून्यं गळतात, १५ च्या पुढचे अंक शून्य होतात. सिमचा आयसीसीआयडी (सिमकार्डाचा ओळख क्रमांक) १९-२० अंकी, म्हणजे त्याची शेपटी गेलीच. १२३ई०४५ असा सर्व्हिस टॅग (कंपनीने मशीनला दिलेला क्रमांक) असेल तर एक्सेल त्या 'ई'ला घातांक समजून १.२३ई+४७ करून ठेवतं.

मला सगळ्यात जास्त चकवलं ते आयएमईआयने, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाने. माझ्या यादीतले तीस फोन एकाच मॉडेलचे, आणि सॉफ्टवेअर म्हणे सगळे डुप्लिकेट! आयएमईआयचे पहिले आठ अंक मॉडेलचे असतात. एक्सेलने सेव्ह करताना प्रत्येकाचा ३.५६७८९ई+१४ केला, मग तिसांत फरक उरणार कुठून? सेलचा फॉरमॅट आता बदलला तरी गेलेले अंक परत येत नाहीत. मूळ यादी पुन्हा मागवा, एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून आणा आणि असे कॉलम 'टेक्स्ट' ठेवा.

पहिला कॉलम डोळ्यांसमोर असूनही सॉफ्टवेअर 'सापडत नाही' म्हणत असेल, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेचे) तीन अदृश्य बाइट असण्याची शक्यता आहे. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना एन्कोडिंग साधं यूटीएफ-८ निवडा, 'विथ बीओएम' नको. (तीच फाइल एक्सेलमध्ये उघडलीत तर देवनागरी नावांचा चोथा दिसेल. घाबरू नका, उघडूही नका.)

तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच द्या. २५/०४ वर निदान एरर तरी येते. ०३/०४ मात्र गुपचूप ३ एप्रिलची ४ मार्च होऊन बसते.

फाइल चढतच नसेल तर साइझ बघा. पीएचपीवर (ही एक प्रोग्रामिंग भाषा) चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडची डिफॉल्ट मर्यादा २ एमबी असते.

दुरुस्त केलेली फाइलही लगेच पूर्ण चढवू नका. आधी हेडर (कॉलमच्या नावांची ओळ) आणि पाच ओळी, त्यात ती नापास झालेली ओळ हवीच.