जुने स्पीकर की नवे? आधी कोनाची कड बघा

जुन्या स्पीकरची जोडी समोर आली की आधी कंपनी विचारली जाते, मग वॅट. खान्देशात पहिला प्रश्न वेगळा हवा: कोनाच्या, म्हणजे समोर हलणाऱ्या पडद्याच्या, कडेनं फिरणारी रिंग कशाची आहे? फोमची, रबराची, लेप दिलेल्या कापडाची, की कोनाच्याच कागदाला घड्या पाडून केलेली? जुनं की नवं हा वाद निम्मा इथेच मिटतो.

पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्यानं आणि उष्णतेनं आतून तुटत जातो. साधारण १० ते २० वर्षांत त्याचा भुगा होतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्यात दिवसभर कूलर चालू, म्हणजे भर उन्हाळ्यातही खोलीत दमट हवा. फोमला दोन्ही मार एकदम बसतात. म्हणून "कधी लावलाच नाही, खोक्यात पडून होता" या बोलण्याला काही किंमत देऊ नका. न वाजवताही फोम कुजतो. कापडी आणि कागदी रिंग मात्र ४०-५० वर्षं सहज निघते. तिचे शत्रू उंदीर आणि वाळवी. रबर बहुधा टिकतं, पण काही जुनं रबर कडक होतं. बोटानं हलकेच दाबून बघा, मऊ राहिलं असेल तर ठीक.

अल्निको (कोबाल्ट घातलेल्या मिश्रधातूच्या) मॅग्नेटचं नाव सांगून भाव चढवणारे भेटतील. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोबाल्ट महागला, म्हणून कंपन्या फेराइट या स्वस्त मॅग्नेटकडे वळल्या. फेराइट आवाजात उणं म्हणून नव्हे. त्यापायी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

बघायला जाताना मल्टिमीटर, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि टोन वाजवणारं ॲप असलेला मोबाईल न्या. स्पीकरच्या वायरी सुट्या करून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ५.५ ते ७ ओहम दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६. आकडा येतच नसेल तर कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, तुटली आहे. फारच कमी येत असेल तर कॉइलचे वेढे जळून एकमेकांना चिकटलेत. दोन्ही बॉक्समध्ये अर्ध्या ओहमहून जास्त फरक आला तर एकाचा वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) कधीतरी बदललेला असण्याची शक्यता मोठी.

मग दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीभोवती सारख्या अंतरावर ठेवून कोन हळूच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल मॅग्नेटच्या फटीत घासते आहे. ट्रकमधून किंवा एसटीच्या टपावरून आदळत आलेल्या जड स्पीकरचा मॅग्नेट सरकतो, तेव्हा असंच होतं, आणि ते घरी बसून दुरुस्त होत नाही. पेन्सिल सेलचं अधिक टोक लाल टर्मिनलला क्षणभर टेकवा: कोन बाहेर यायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये उलटं असतं, ते चालतं. पण जोडीतले दोन्ही कोन एकाच दिशेनं हलले पाहिजेत. ही चाचणी पूर्ण बॉक्सच्या टर्मिनलवर करा. सुट्या ट्विटरला (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) सेल लावू नका, त्याची कॉइल फार बारीक असते.

शेवटी आवाज. अगदी कमी आवाजात ३० हर्ट्झपासून वर सरकणारा टोन वाजवा. कुठे फडफड, भुणभुण किंवा शिट्टी आली तर थांबून शोधा: सुटलेली टोपी, सैल जाळी, हवा गळणारा बॉक्स. त्यानंतर एफएमच्या दोन स्टेशनांमधली खरखर मोनोमध्ये (दोन्ही बाजूंना एकच आवाज) लावून आळीपाळीनं एकेक स्पीकर ऐका. दोघांची खरखर एकसारखी हवी. एक बोथट वाटला तर त्याचा ट्विटर किंवा कंडेन्सर गेलेला समजा. आकाशवाणीच्या बातम्यांमधला पुरुषाचा आवाजही उत्तम परीक्षा घेतो. निवेदक रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर बॉक्सच वाजतोय. हे सगळं कूलर बंद करून करा. कूलरच्या घरघरीत खालचा सूर बुडून जातो आणि दोष ऐकूच येत नाही.

बॉक्स उलटा करून तळ बघा. पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगला असेल, कोपरा नखानं उकरला जात असेल तर सोडून द्या. जुना प्लाय आणि सागाचा पापुद्रा टिकतो, पण ठोकून पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे. पोर्टच्या, म्हणजे बॉक्सला हवेसाठी ठेवलेल्या भोकाच्या, नळीत टॉर्च मारा. कुंभारीण माशी तिथे हमखास मातीचं घर बांधते, आणि पोर्ट अर्धा बुजला की खालचा सूर जातो. आत कापूस भरलेला निघतो, तो काढून टाका. कापूस आपल्याकडे मुबलक खरा, पण तो दबून तळाशी बसतो आणि उंदरांना आयतं घर मिळतं. त्याऐवजी पॉलिएस्टरची वॅडिंग घ्या: बंद बॉक्सला लिटरमागे ८ ते १५ ग्रॅम, सैल. पोर्टवाल्या बॉक्सला फक्त भिंतींना लावा, मध्ये भरू नका.

जुन्या जोडीत बहुतेक वेळा खरा दोष कंडेन्सरचा असतो. क्रॉसओव्हरमधला (वूफर-ट्विटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधला) नॉनपोलर, म्हणजे अधिक-उणे टोक नसलेला, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर २०-३० वर्षांत आपलं मूल्य सोडतो. ८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला असेल तर तो सुमारे ४२०० हर्ट्झच्या वरचे सूर पुढे सोडतो. तोच सरकून ६ झाला की ही सीमा ३३०० वर येते, ट्विटरला त्याला न झेपणारे सूर मिळतात, आणि एखाद्या लग्नघरी आवाज वाढवला की तो जळतो. म्हणून ट्विटर बदलण्याआधी कंडेन्सर बदला, नाहीतर नवा ट्विटरही त्याच वाटेनं जाईल. मूल्य तेच, व्होल्टेज ५० ते १०० किंवा जास्त, प्रकार नॉनपोलर किंवा फिल्म. साधा पोलर कंडेन्सर चालत नाही. फिल्म कंडेन्सरनं आवाज जास्त टोचरा झाला तर ०.३ ते ०.५ ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर सीरीजमध्ये टाका. जुन्या कंडेन्सरचा स्वतःचा तेवढा विरोध डिझाइनमध्ये धरलेला असतो.

फोम गेला असेल पण कोन आणि कॉइल शाबूत असतील, तर रिंग बदलणं घरी जमतं. रिंग मागवताना नुसतं "८ इंची" म्हणू नका. फ्रेमवर चिकटणारा बाहेरचा व्यास, कोनावर बसणारा आतला व्यास आणि फुगवट्याची रुंदी अशी तीन मापं द्या. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बोथट पातं वापरून पूर्ण खरवडा. मधली टोपी ब्लेडनं कडेनं कापून काढा. कॉइल आणि मधल्या खांबामधल्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या समोरासमोर सरकवा, म्हणजे कॉइल बरोबर मध्यावर राहील. आधी रिंगची आतली कड कोनाला चिकटवून २४ तास सोडा, मग बाहेरची कड फ्रेमला चिकटवून आणखी २४ तास. पट्ट्या काढा, कोन ढकलून खरखर नाही ना बघा, आणि मगच टोपी लावा. गोंद पाण्यावर आधारित आणि वाळल्यावर लवचिक राहणारा हवा; सॉल्व्हंटचा चिकट गोंद काही फोम आणि प्लॅस्टिकचे कोन खातो. मे महिन्यात हे काम पहाटे करा, दुपारी रिंग सारखी करेपर्यंत गोंद सुकलेला असतो.

कोनच फाटला असेल तर गोष्ट वेगळी. खान्देशात डीजेचे आणि बँडचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर तालुक्यातालुक्यात आहेत आणि १५ इंची वूफरची कॉइल ते झटपट घालून देतात. घरगुती वूफर त्यांच्याकडे देताना मात्र सांभाळा. डीजेचा जाड कोन आणि ताठ स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी घड्यांची चकती) बसला की वूफरचा नैसर्गिक अनुनाद, म्हणजे तो स्वतःहून ज्या सुराला डोलतो तो सूर, वर सरकतो. बॉक्सचा आकार आणि पोर्ट जुन्या वूफरच्या मापानं केलेले असल्यामुळे खालचा सूर कोरडा पडतो. वूफर आणि बॉक्स ही जोडी आहे. एक बदलला की दुसरा खोटा पडतो. मूळ कोन-स्पायडर मिळणार नसेल तर ती जोडी घेऊ नका.

हे मापाचं गणित नव्या स्पीकरचं मोठं बळ आहे. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वूफरची मापं आणि बॉक्स यांचा हिशेब बसवून दिला. त्याआधीच्या बॉक्समध्ये अंदाजाचा भाग मोठा होता. म्हणून ५-६ इंची वूफरचा छोटा नवा बॉक्स कधीकधी ८ इंची जुन्या बॉक्सइतका खाली जातो. जोडीतले दोन्ही नग एकसारखे असतात, ट्विटरचा आवाज बाजूलाही नीट पसरतो, आणि वॉरंटी मिळते.

त्याची किंमत अँप्लिफायरला द्यावी लागते. जुना ८-१० इंची कागदी वूफर १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो, छोटा नवा बॉक्स ८४ ते ८७. सहा डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला चौपट वॅट. घरात १०-१५ वॅटचा जुना अँप्लिफायर असेल आणि त्यावर ८५ डेसिबलचे नवे बॉक्स लावले, तर आवाज वाढवताना अँप्लिफायरची ताकद संपून आवाज फाटतो आणि ट्विटर जळतो. अशा घरात जुनी कागदी जोडीच शहाणपणाची. अँप्लिफायर ५०-६० वॅट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या खऱ्या ताकदीचा) असेल तर नवे बिनधास्त घ्या. डेकवर छापलेले हजारो वॅटचे पीएमपीओ, म्हणजे फुगवलेले जाहिराती, आकडे विचारातच घेऊ नका.

अँप्लिफायर आतच असलेले नवे स्पीकर सोयीचे खरे, पण वीज परत येतानाच्या झटक्यानं आतला बोर्ड गेला की तालुक्याला तो मिळत नाही. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात साधे पॅसिव्ह बॉक्स आणि वेगळा अँप्लिफायर बरा.

खोलीही बघा. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती आणि सागाचे सर आवाज बराच पितात. तिथे जुना मोठा बॉक्स मोकळा वाजतो. स्लॅब आणि टाइल्सच्या खोलीत तोच बॉक्स कोपऱ्यात ठेवला तर घुमतो. १२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर फुगतो, १० फुटीत ५६ च्या. मागे पोर्ट असलेला नवा बॉक्स भिंतीपासून निदान दीड-दोन फूट पुढे ओढा. जागा नसेल तर बंद बॉक्स घ्या, तो भिंतीजवळ जास्त सहन करतो. ट्विटर कानाच्या उंचीवर हवा: सोफ्यावर सुमारे १ मीटर, पण गादीवर बसून ऐकत असाल तर ८० सेंटिमीटरच. उंच स्टँड घेण्याआधी कुठे बसणार ते ठरवा. कूलरच्या झोतात कोणताच बॉक्स ठेवू नका.

जोडी कोणतीही असो, लावण्याआधी अँप्लिफायर तपासा. स्पीकर सुटे, आवाज शून्यावर, आणि टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० पर्यंत ठीक. १०० च्या वर गेला तर आधी तोच दुरुस्तीला द्या, कारण आउटपुट ट्रान्झिस्टर गेला की सगळा डीसी थेट वूफरच्या कॉइलमध्ये शिरतो. ८ ओहमच्या ३०-४० वॅटच्या स्पीकरला लाल वायरीत २ अँपिअरचा फास्ट फ्यूज टाका.