घरात तिघंच, आणि पोरगं बोलत नाहीये? या चुका टाळा

पूर्वी घरात आजी, काकू, शेजारच्या ताई असा गोतावळा असायचा, मूल कोणा ना कोणाच्या कडेवर आणि कानावर सतत बोलणं. आता वाकडच्या नाहीतर ठाण्याच्या टू बीएचकेत आईबाबा दोघं कॉलवर, पोरगं टॅबसमोर, मग दोन वर्षांचं झालं तरी "आई पाणी" एवढंही जोडून म्हणत नाही म्हणून टेन्शन.

सगळ्यात मोठी चूक जेवताना मोबाइल. कळतं हो, ९ ला मीटिंग आहे, मावशी आल्या नाहीत आणि वरणभात पटकन पोटात जायला हवा, पण व्हिडिओ काही मुलाच्या बोलण्यासाठी थांबत नाही की त्याला उत्तर देत नाही, आणि मूल शिकतं ते याच देवाणघेवाणीतून. डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, पुढे पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त १ तास. आधी एकाच जेवणाला बंद करा, रडारड होणारच. "हा घास चिऊचा, हा घास..." म्हणा आणि गप्प बसा. खरंच गप्प, चार-पाच सेकंद. आपण घाईघाईने "काऊचा" म्हणून मोकळे होतो, तिथेच त्याची पाळी जाते. नुसतं "का" आलं तरी चालेल, "हो, काऊचा!" म्हणायचं.

गावाकडच्या आजीला व्हिडिओ कॉल जरूर लावा, पण "आजीला पोएम म्हणून दाखव" ही परीक्षा नको. त्यापेक्षा आजी भाजी निवडतेय, "हे काय आहे रे?" विचारतेय, ते बेस्ट.

पाळणाघरात सोडताना गुपचूप सटकू नका, बाय म्हणून निघा, नाहीतर ते अजूनच चिकटतं. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असायला हवी, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, हे २०१७ पासून कायद्यात आहे. एचआर स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका.

शाळा इंग्लिश म्हणून घरातलं मराठी बंद करणं तर कृपया नकोच, दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हा गैरसमज आहे.

"त्याचे बाबापण उशिराच बोलले" म्हणून थांबून राहू नका. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आधी कानांची तपासणी करून घ्या. येत असलेले शब्दच गेले तर लगेच जा. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत यासाठी डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र असतं, तिथे तपासणी मोफत होते.