सिलिल इनॉल ईथर: कीटोन परत आला तर या चुका तपासा

सिलिल इनॉल ईथरची रिअ‍ॅक्शन फसली की विद्यार्थी लुईस आम्लाची (इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणाऱ्या रिएजंटची) नवी बाटली मागायला येतात. मी आधी एकच विचारते: कीटोन नेमका कोणत्या टप्प्यावर परत आला? सिलिल इनॉल ईथर म्हणजे सिलिकॉनने धरून ठेवलेला इनॉल (कीटोनचे दुहेरी बंध आणि हायड्रॉक्सिल असलेले रूप). थोडे आम्ल आणि थोडे पाणी मिळाले की सिलिकॉन निसटतो आणि मूळ कीटोन हातात उरतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा हे मुख्य रिअ‍ॅक्शनच्या आधीच घडून गेलेले असते.

पहिला संशय सिलिकॉन पुरवणाऱ्या ट्रायमिथिलसिलिल क्लोराइडच्या बाटलीवर घ्या. वारंवार उघडलेल्या बाटलीत ओलाव्यामुळे हायड्रोजन क्लोराइड साचते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. कॅल्शियम हायड्राइडवरून डिस्टिल करून घ्या. ५७ अंशांना उकळते, फार वेळ लागत नाही.

दुसरी चूक ओतण्याच्या क्रमाची. २-मिथिलसायक्लोहेक्झॅनोन घ्या. उणे ७८ अंशांना एलडीए (लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड हा प्रबळ बेस) किंचित जास्त ठेवून त्यात कीटोन थेंबाथेंबाने सोडला, तर कमी प्रतिस्थापित बाजूचा इनॉलेट (प्रोटॉन गमावलेला इनॉल) सुमारे ९९:१ प्रमाणात मिळतो. उलट केले, म्हणजे कीटोनमध्ये एलडीए ओतले, तर न बदललेला कीटोनच इनॉलेटला प्रोटॉन देत राहतो आणि दोन्ही बाजूंची सरमिसळ होते. जास्त प्रतिस्थापित ईथर हवे असेल तर मात्र हीच अदलाबदल कामाला येते: ट्रायइथिलअमिन आणि सिलिल क्लोराइडसोबत डीएमएफ या विद्रावकात तापवा, प्रमाण साधारण ७८:२२ असे त्या बाजूला झुकते. एलडीए ज्यापासून बनवतो त्या ब्यूटिललिथियमचे टायट्रेशन न करता लेबलवरच्या आकड्यावर विसंबणे हीसुद्धा तीच चूक. बेस कमी पडला की कीटोन उरलाच.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो वर्कअप (शेवटची धुलाई) आणि कॉलममध्ये (सिलिकातून शुद्धीकरण). थंड सोडियम बायकार्बोनेट, पेंटेन, आणि हात चपळ. टीएमएस (ट्रायमिथिलसिलिल) ईथर साध्या सिलिकावर टिकेल अशी आशा धरू नका. कमी दाबाखाली डिस्टिल करा, नाहीतर सिलिका आधी ट्रायइथिलअमिनने धुऊन घ्या. टीएलसीची (तपासणीसाठी सिलिकाचा थर लावलेली) प्लेटही फसवते: ईथर प्लेटवरच तुटते आणि कीटोनचा ठिपका पाहून आपण चांगली रिअ‍ॅक्शन फेकून देतो. रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर स्पेक्ट्रमचे तसेच. जुन्या ड्युटेरोक्लोरोफॉर्ममध्ये आम्लाचा अंश असतो, नळीतच नमुना बिघडतो. ड्युटेरोबेंझिन वापरा. सायक्लोहेक्झॅनोनच्या ईथरमध्ये व्हिनिल प्रोटॉन ४.८ ते ४.९ पीपीएमच्या आसपास दिसायला हवा. पुढची पायरी सुरू करण्याच्या दिवशी सकाळीच हा स्पेक्ट्रम काढा. मागच्या आठवड्याचा चालणार नाही. तो स्वच्छ असेल, तरच दोष पुढे शोधायचा. टीबीएस किंवा टीआयपीएस या अधिक बोजड सिलिल गटांचे ईथर कॉलम बऱ्यापैकी सोसतात, पण नंतर सिलिकॉन काढणे तितकेच जड जाते.

आता मुकाइयामा आल्डॉल, म्हणजे हे ईथर आल्डिहाइडला जोडणे. तेरुआकी मुकाइयामा यांनी १९७३ मध्ये टायटॅनियम टेट्राक्लोराइड हे लुईस आम्ल वापरून ही रिअ‍ॅक्शन दाखवली, आणि आजही ती शिकवताना मला आनंद होतो. डायक्लोरोमिथेनमध्ये, उणे ७८ अंशांना, आधी आल्डिहाइड आणि एक इक्विव्हॅलंट टायटॅनियम टेट्राक्लोराइड एकत्र करा, मग ईथर सोडा. टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हा विद्रावक घेऊ नका. ते टायटॅनियमला स्वतःच घट्ट धरते आणि आल्डिहाइड तसेच पडून राहते. कुठे पाणी शिरले तर तयार होणारे हायड्रोजन क्लोराइड आल्डिहाइडच्या आधी ईथरलाच गाठते. तापमान वाढू दिले तर आल्डॉलमधून पाणी निघून इनोन (शेजारी दुहेरी बंध असलेला कीटोन) बनतो.

रुबॉटम ऑक्सिडेशनमध्ये, म्हणजे या ईथरपासून हायड्रॉक्सी कीटोन बनवताना, आम्ल रिएजंटमधूनच येते. बाजारातले एमसीपीबीए (मेटा-क्लोरोपरबेंझोइक आम्ल) बहुधा ७७ टक्क्यांपर्यंतचे असते, उरलेले क्लोरोबेंझोइक आम्ल आणि पाणी. म्हणून घन सोडियम बायकार्बोनेट सोबत हवेच, आणि वजनाचा हिशेबही त्या टक्केवारीनेच करा. मात्र ते पूर्ण कोरडे करायच्या फंदात पडू नका, शुद्ध एमसीपीबीए स्फोटक आहे. शेवटी दोन ठिपके दिसले तर घाबरू नका: एक सिलिलॉक्सी कीटोन, दुसरा हायड्रॉक्सी कीटोन. सौम्य आम्लाने किंवा सिलिकॉन काढणाऱ्या टीबीएएफने (टेट्राब्यूटिलअमोनियम फ्लोराइड) दोन्हींचा एकच पदार्थ होतो.

अल्किलेशनला, म्हणजे इनॉलेटला अल्किल गट जोडताना, हेच टीबीएएफ मात्र घात करते. टीएचएफमधल्या तयार द्रावणात पाणी असते. सुटलेला इनॉलेट अल्किल आयोडाइडची वाट पाहत नाही, पाण्याचा प्रोटॉन उचलतो. नुसते ईथर आणि आयोडाइड ढवळत ठेवूनही काही होत नाही, ईथर तेवढे प्रबळ नाही. गिल्बर्ट स्टॉर्क आणि हुडर्लिक यांनी १९६८ मध्ये दाखवलेला मार्ग मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो. मिथिललिथियम घाला, टेट्रामिथिलसिलेन उडून जाते आणि लिथियम इनॉलेट हव्या त्याच बाजूला तयार होतो.

ईथरपासून इनोन बनवणाऱ्या सेगुसा ऑक्सिडेशनबद्दल एवढेच: सवयीने पाच टक्के पॅलॅडियम ॲसिटेट टाकून ॲसिटोनायट्राइलमध्ये रात्रभर ठेवले, तर सकाळी तळाशी काळे पॅलॅडियम आणि वर न बदललेले ईथर दिसेल. १९७८ च्या मूळ पद्धतीत अर्धा इक्विव्हॅलंट पॅलॅडियम आणि अर्धा बेंझोक्विनोन आहे. पॅलॅडियम कमी वापरायचे असेल तर डीएमएसओ हा विद्रावक घ्या आणि वर ऑक्सिजनचा फुगा लावा.