आजी-आजोबांच्या फोनवर पॉडकास्ट: एकदाच लावून द्यायचं

पाटणकडच्या कित्येक वाड्यांत रेंज अंगणात मिळते, माजघरात नाही. पॉडकास्ट, म्हणजे फोनवर ऐकायचे भागाभागांचे कार्यक्रम, व्हिडिओवर ऐकायला गेलं की चक्र फिरत बसतं, वर स्क्रीन बंद झाली की आवाजही बंद. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे अँटेनापॉड हे अ‍ॅप. अँड्रॉइडवर फुकट, अ‍ॅपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत, आणि खातं उघडावं लागत नाही, म्हणजे ओटीपीची कटकटच नाही.

साताऱ्यात वायफायवर असतानाच तीन-चार कार्यक्रम जोडून द्यावेत. जास्त नकोत, गोंधळ होतो. सेटिंग्जमधल्या डाउनलोड्समध्ये ऑटोमॅटिक डाउनलोड चालू करावं आणि ऐकलेला भाग आपोआप पुसला जाईल असं ठेवावं. १२८ केबीपीएस (म्हणजे आवाजाच्या दर्जाचं माप) असलेला अर्ध्या तासाचा भाग साधारण २९ एमबीचा असतो, साठले की फोन भरतो.

खरी गोम पुढे आहे. गावी वायफाय नसेल तर नवे भाग येणंच थांबतं, कारण मोबाइल डेटावर नवे भाग तपासणं आणि आपोआप डाउनलोड, दोन्ही मुळात बंद असतं. त्याच सेटिंग्जमधल्या मोबाइल अपडेट्समध्ये त्या दोन्हींवर खूण करावी. तरीही आले नाहीत, किंवा ऐकता ऐकता मध्येच बंद पडलं, तर फोनची बॅटरी बचत अ‍ॅपला मारते आहे. तिथे अँटेनापॉडला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे अ‍ॅप न उघडता वापरायची पट्टी, ठेवा, रुंद करून. अंगठ्याखाली येईल असं प्लेचं बटण, बाकी काही शोधायला लागू नये.

जोडलेल्या कार्यक्रमांची यादी अ‍ॅपमधून ओपीएमएल फाइल (अशा यादीचा ठरलेला प्रकार) म्हणून काढून मुला-नातवाच्या फोनवर ठेवा. फोन बदलला की तीच आत घेता येते.